ऑर्लँडोच्या सहलीत गाडी भाड्याने घ्यावी, की डिस्नेच्या मोफत बसवर विसंबावे?

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)

नमस्कार.

येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच जण फ्लोरिडातील ऑर्लँडोला जाणार आहोत: मी, पत्नी, साडेचार वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील. वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे चारही पार्क, एक दिवस युनिव्हर्सल आणि वडिलांच्या आग्रहामुळे एक दिवस केनेडी अवकाश केंद्र, असा ढोबळ बेत आहे. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत आणि व्हिसाही हाती आले आहेत. हॉटेल मात्र अजून पक्के केलेले नाही, कारण त्याआधीच घरात दोन तट पडले आहेत.

डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना आवारात बस, मोनोरेल, बोट आणि रोपवे यांपैकी कशासाठीही पैसे मोजावे लागत नाहीत, असे समजते. पत्नीचे म्हणणे असे की, एवढी सोय आयती मिळत असताना परक्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकण्याचा उपद्व्याप कशाला करायचा? वडिलांचे म्हणणे नेमके उलट आहे. नोकरीची सारी वर्षे त्यांनी ठाणे स्टेशनबाहेर टीएमटीच्या रांगेत काढली, त्यामुळे ‘अमेरिकेत जाऊनही बसची रांगच लावायची असेल, तर मी घरीच बरा’ असे ते साफ सांगतात. शिवाय आईला गुडघेदुखी आहे आणि मुलगी रात्री आठनंतर कुठेही असली तरी झोपतेच.

या मोफत वाहतुकीवर कितपत विसंबता येते, गाडी घेतली तर तिचा उपयोग खरोखर कुठे होतो आणि आपला वाहन परवाना तिथे चालतो का, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पामबीच (नेरूळ)

आपल्या वडिलांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, परंतु तिचे उत्तर प्रत्येक पार्कसाठी वेगळे आहे, आणि बहुतेकांचा हिशेब नेमका तिथेच चुकतो.

आधी पसारा लक्षात घ्यावा. १९७१ मध्ये सुरू झालेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुमारे २५ हजार एकरांवर, म्हणजे साधारण शंभर चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. आमच्या नवी मुंबई महापालिकेची हद्द याहून थोडीच मोठी आहे. त्यामुळे मोजकी हॉटेले सोडली, तर तिथे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जाता येत नाही. प्रत्येक हॉटेलातून चारही पार्कांकडे बस सुटतात आणि पार्क उघडण्याच्या बऱ्याच आधीपासून ते बंद झाल्यानंतरही काही वेळ त्या चालू असतात. छापील वेळापत्रक नसते. साधारण वीस मिनिटांनी एक, असे धरून चालावे. कधी आपण थांब्यावर पोहोचताच बस समोर उभी असते, तर कधी अर्धा तास जातो. पुढची बस किती मिनिटांत येईल, हे डिस्नेच्या अ‍ॅपवर दिसते, त्यामुळे खोलीतून केव्हा निघायचे ते ठरवता येते.

आता गाडीचे पाहू. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कांमध्ये पार्किंग मोफत आहे, आणि हॉटेलच्या आवारात रात्री गाडी उभी करण्यासाठी २०१८ पासून जे शुल्क आकारले जात होते, तेही जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाले. त्यामुळे गाडी घेणे पूर्वीपेक्षा स्वस्त पडते, हे खरे आहे. तरीही मॅजिक किंगडम या सर्वात जुन्या आणि आपल्या कन्येला सर्वाधिक आवडेल अशा पार्कला गाडीने जाणे मला व्यर्थ वाटते. तिथे गाडी दारापर्यंत जातच नाही. ती पार्कसमोरच्या तलावाच्या अलीकडच्या तीरावर एका अवाढव्य वाहनतळावर लावावी लागते. तेथून चालत किंवा ट्रॅमने मोनोरेलच्या वा फेरीबोटीच्या धक्क्यावर यावे लागते, सुरक्षा तपासणी होते, आणि मग मोनोरेलने वा बोटीने पलीकडे पोहोचल्यावर प्रवेशद्वार दिसते. हॉटेलची बस मात्र हे सारे वळसे टाळून पार्कच्या दारालगत नेऊन सोडते. म्हणजे ज्याने गाडीसाठी पैसे मोजले, तो बसने आलेल्याच्या मागे राहतो. वाहनतळाच्या विभागांना डिस्नेच्या कथांतील नायकांची आणि खलनायकांची नावे दिलेली आहेत. त्या पाटीचा फोटो सकाळीच काढून ठेवलेला बरा, कारण रात्री झोपलेले मूल खांद्यावर घेऊन आपली गाडी जाफरकडे होती की सिम्बाकडे, हे आठवत बसणे फारसे मनोरंजक नसते.

ॲनिमल किंगडमला याच्या उलट परिस्थिती आहे. ते एका टोकाला आहे, तिथे बसशिवाय दुसरे साधन नाही आणि वाहनतळ प्रवेशद्वारासमोरच आहे. तिथे गाडीने वेळ निश्चित वाचतो. एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेला स्कायलायनर हा रोपवे सर्वात उत्तम. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही हॉटेले त्याला जोडलेली आहेत. पाळणे एकामागोमाग येतच राहतात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी ती भराभर सरकते, आणि वर बसल्यावर आपल्या मातुःश्रींनाही तो प्रवास हाच एक खेळ वाटेल. आकाशात विजा चमकू लागल्या की मात्र तो थांबवतात. उन्हाळ्यातल्या दुपारी हे वारंवार घडते. दिवाळीच्या सुमारास ते प्रमाण बरेच कमी असते.

रात्रीच्या परतीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मोफत वाहतुकीची खरी कसोटी तिथे लागते. किल्ल्यावरची आतषबाजी संपली की हजारो माणसे एकाच वेळी दाराकडे निघतात आणि प्रत्येक हॉटेलच्या फलाटावर वळणावळणांची रांग लागते. बसमध्ये चढताना बाबागाडी मिटवावी लागते, म्हणजे एकाने झोपलेले मूल उचलायचे, दुसऱ्याने बाबागाडीच्या टोपलीतले पाण्याचे डबे, रेनकोट आणि खाऊ उपसून ती घडी करायची, आणि आसने भरली असतील तर उभ्याने ती पायांत धरून ठेवायची. मोनोरेलमध्ये, फेरीबोटीत आणि रोपवेत बाबागाडी न मिटवता नेता येते. आपली मुलगी आठलाच झोपत असेल, तर मी सुचवेन की आतषबाजीच्या दिवशी दुपारी खोलीवर परतून तिला झोपवावे आणि संध्याकाळी पुन्हा जावे. अशा दिवसात दोन अधिक फेऱ्या होतात, परंतु त्या गर्दीच्या वेळेबाहेरच्या असल्याने त्रास होत नाही.

तीन हात नाका (ठाणे)

पामबीच यांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, तरीही त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, तिला माझी हरकत आहे. ती म्हणजे मुक्काम डिस्नेच्याच हॉटेलात होणार, ही.

आपण पाच जण आहात. डिस्नेच्या हॉटेलातील साध्या खोल्या बहुतेक चार माणसांच्या असतात. पाचव्यासाठी कॅरिबियन बीचसारख्या मोजक्या हॉटेलांत भिंतीतून उघडणारा छोटा पलंग मिळतो, तोही सगळ्या खोल्यांत नाही. अन्यथा दोन खोल्या किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशनमधील सहा माणसांचा स्वीट घ्यावा लागतो. आई-वडिलांसह एका खोलीत एवढे दिवस काढणे कोणालाच सोसणार नाही, म्हणजे खर्च दुप्पट धरावा. मग ती बस मोफत कुठली? तिचे भाडे आपण खोलीच्या बिलातून आगाऊ भरलेले असते.

याउलट किसिमी भागात, डिस्नेच्या वेशीपासून काही मिनिटांच्या अंतरावर, तीन शयनकक्षांची, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र असलेली अख्खी घरे भाड्याने मिळतात. आमच्या घरी ज्येष्ठ मंडळी शुद्ध शाकाहारी आहेत. सकाळी पोहे आणि रात्री कुकरचा वरण-भात मिळाला, एवढ्यावर त्यांनी दिवसभराचे फ्रेंच फ्राइज माफ केले. अशा घरात राहायचे तर गाडी अनिवार्य आहे, आणि ती दारात उभी असली की किराणा, औषधे, युनिव्हर्सल, केनेडी केंद्र यांसाठी वेगळा विचार करावा लागत नाही. बाहेरील काही हॉटेले ‘डिस्नेपर्यंत मोफत बस’ असे ठळकपणे लिहितात, त्यावर मात्र विसंबू नये. अशा बसच्या सकाळी आणि रात्री ठरलेल्या मोजक्याच फेऱ्या असतात, कधी जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि मॅजिक किंगडमसाठी त्या बहुधा तलावाच्या अलीकडच्याच तीरावर सोडतात. तेव्हा गाडी आणि बस या दोहोंचे तोटे एकत्र पदरी पडतात.

मुक्काम कुठे, हे आधी ठरवावे. गाडीचे उत्तर त्यातून आपोआप निघेल.

घोडबंदरकर

दोघांचेही आभार. पाच माणसांच्या खोलीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. घराची कल्पना आईला फार आवडली. सहलीत स्वयंपाक कोण करणार, हे तिने अद्याप सांगितलेले नाही.

गाडी चालवण्याबद्दल अजून मनात धाकधूक आहे. मी रोज माजिवड्याच्या उड्डाणपुलावरून जातो, त्यामुळे वाहतुकीची भीती नाही. परंतु परवाना, विमा, टोल आणि लहान मुलाचे आसन यांची नीट माहिती मिळाली तर बरे.

वाशी सतरा (नवी मुंबई)

या चार बाबींपुरतेच लिहितो.

परवाना: फ्लोरिडात पर्यटकाला स्वतःच्या देशाचा वैध परवाना चालतो, आणि महाराष्ट्राच्या स्मार्टकार्डावर मजकूर इंग्रजीत असल्याने तो वाचण्यात अडचण येत नाही. तरीसुद्धा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा, कारण गाडी देणाऱ्या काउंटरवरील व्यक्ती काय मागेल, हे आपल्या हाती नसते. तो परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून आपल्याच आरटीओकडून मिळतो. फॉर्म ४ए, पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती आणि एक हजार रुपये शुल्क लागते, आणि तो एक वर्ष चालतो. मूळ परवान्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, म्हणून स्मार्टकार्ड सोबत असलेच पाहिजे. डिजिलॉकरमधील प्रत दाखवून ठाण्याचा हवालदार समाधानी होईल, ऑर्लँडोचा काउंटर होणार नाही.

पैसे आणि विमा: जो गाडी चालवणार, त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड न्यावे, त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवली जाते. संकेतस्थळावर दिसणारे दिवसाचे भाडे पाहून हुरळून जाऊ नये. त्यावर कर, विमानतळाचे शुल्क, दुसऱ्या चालकाचे शुल्क आणि विमा चढत जातो. आपला भारतातील वाहन विमा तिथे निरुपयोगी असतो, त्यामुळे गाडीच्या नुकसानीचा आणि थर्ड पार्टीचा असे दोन्ही विमे भाड्यात समाविष्ट असलेली योजना आधीच आरक्षित करावी. लांबचा प्रवास करून, अर्धवट झोपेत काउंटरवर उभे असताना समोरचा जे जे सुचवतो त्या सर्वांना माणूस होकार देत जातो, असा माझा अनुभव आहे.

टोल: विमानतळाहून डिस्नेकडे येणारे ४१७ आणि ५२८ हे दोन्ही सोयीचे रस्ते टोलचे आहेत. अनेक ठिकाणी रोख घेणारा कोणी नसतो. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि गाडीची कंपनी टोलबरोबर स्वतःचे सेवाशुल्कही कार्डावर लावते. त्या शुल्काची पद्धत गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विचारून घ्यावी. पेट्रोल पंपावर यंत्र कार्डाचा पिनकोड मागते आणि आपला भारतीय पिनकोड त्याला पटत नाही. तेव्हा आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगून आगाऊ पैसे भरावेत.

मुलाचे आसन: पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला योग्य आसनातच बसवावे, असा फ्लोरिडाचा कायदा आहे, आणि आपली मुलगी त्यात येते. चार व पाच वर्षांच्या मुलांसाठी बूस्टर आसन चालते. ते गाडीबरोबर भाड्याने मिळते. अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावली, तरी या आसनाची जबाबदारी पालकांवरच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. डिस्नेच्या बसमध्ये त्याची गरज नाही.

उरले ते प्रत्यक्ष चालवणे. उजव्या बाजूची सवय अर्ध्या दिवसात होते. लाल दिवा असतानाही, मनाई करणारी पाटी नसेल तर, पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते. न वळल्यास मागचा हॉर्न वाजवतो, तेवढाच काय तो घरच्यासारखा अनुभव. शाळेची पिवळी बस लाल दिवे लावून थांबली की मात्र आपणही थांबायचे. रस्त्याला मध्ये दुभाजक नसेल, तर समोरून येणाऱ्यांनीही.

कोलशेतच्या काकू (ठाणे)

आपल्या मातुःश्रींच्या गुडघ्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मीही गुडघ्यांच्या दुखण्यासह हे सारे पाहून आले आहे.

पार्कपर्यंत कसे जायचे याला गुडघ्यांच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही, कारण खरे चालणे पार्कच्या आत असते आणि ते कोणत्याही वाहनाने टळत नाही. संकोच न बाळगता चाकांची खुर्ची घ्यावी. सुरुवातीला मला ते कमीपणाचे वाटले होते. दुपारपर्यंत घरातले सगळेच तिच्याकडे आशेने पाहू लागले. डिस्नेच्या बसला उतरता फलाट असतो, त्यावरून खुर्ची थेट आत जाते आणि चालक ती पट्ट्यांनी बांधून देतो. भाड्याच्या गाडीत मात्र तीच खुर्ची, बाबागाडी आणि पाच माणसे बसवायची, तर साधी सेडान पुरत नाही. मोठी मिनीव्हॅन घ्यावी लागते आणि तिचे भाडे साहजिकच अधिक असते. चिरंजीवांनी छोट्या गाडीचा दर पाहून हिशेब मांडला असेल, तर तो पुन्हा मांडावा.

आणखी एक. गाडी चालवणारा माणूस सहलीत नसतोच. तो दिवसभर पार्किंग, नकाशा आणि परतीची वेळ यांतच अडकलेला असतो. आमच्या घरी बसने जायचे ठरल्यावर मुलगा प्रथमच रस्त्याऐवजी आमच्याकडे पाहून बोलत होता.

पामबीच

काकूंच्या मुद्द्याशी सहमत. तीन हात नाका यांच्या आक्षेपाला मात्र उत्तर द्यायला हवे.

किसिमीच्या घराचा हिशेब मांडताना दोन गोष्टी धराव्यात. बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक पार्कच्या दिवशी वाहनतळाचे तीस डॉलर किंवा त्याहून अधिक भरावे लागतात. आणि डिस्नेच्या हॉटेलातील पाहुण्यांना रोज प्रत्येक पार्कमध्ये इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, तो बाहेरच्यांना मिळत नाही. सकाळचा तो अर्धा तास दुपारच्या दोन तासांच्या रांगा वाचवतो. तरीही पाच माणसांच्या दोन खोल्यांचा खर्च लक्षात घेता घर स्वस्त पडू शकते, हे मी मान्य करतो.

डिस्नेच्या आवारात राहायचे ठरले, तर माझा सल्ला असा की पूर्ण मुक्कामभर गाडी घेऊ नये. विमानतळावरून डिस्नेची मोफत बस आता मिळत नाही. २००५ पासून चालणारी ती सेवा २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, आणि जुन्या प्रवासवर्णनांत मात्र ती अजून धावते आहे. त्याऐवजी पैसे देऊन जाणाऱ्या सामायिक बस आहेत, किंवा पाच जणांसाठी मोठी टॅक्सी. युनिव्हर्सलला डिस्नेची बस जात नाही; तिथे टॅक्सीनेच जावे, कारण गाडी नेली तर तिथल्या पार्किंगचेही पैसे पडतात. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये सुरू झालेले युनिव्हर्सलचे एपिक युनिव्हर्स हे नवे पार्क जुन्या दोन पार्कांपासून काही अंतरावर आहे, तेव्हा टॅक्सी बोलावताना नेमके कुठे जायचे ते नीट टाकावे.

गाडी घ्यायची ती केवळ केनेडी केंद्राच्या दिवसासाठी. ते डिस्नेपासून पूर्वेला, समुद्रकिनाऱ्याच्या दिशेने, तासाभराहून थोडे अधिक अंतरावर आहे. तिथे टॅक्सीने जाणे महाग आणि परतीची टॅक्सी मिळेल याची खात्री नाही. सहलीच्या बसगाड्या जातात, पण त्या आपली परतीची वेळ ठरवतात, आणि आपले वडील तिथे लवकर आटोपतील असे मला वाटत नाही. अटलांटिस हे खरेखुरे अंतराळयान डोळ्यांसमोर टांगलेले आहे, सॅटर्न पाच अग्निबाण आडवा ठेवलेला आहे, आणि दिवंगत अंतराळवीरांच्या स्मृतिशिलेवर कल्पना चावला यांचे नाव कोरलेले आहे. तिथून घाईने कोणी निघत नाही.

घोडबंदरकर

एक शेवटची शंका. त्या एका दिवसाच्या गाडीसाठी पुन्हा विमानतळावर जावे लागेल का?

वाशी सतरा

नाही. डिस्नेच्या परिसरातही भाड्याच्या गाड्यांची केंद्रे आहेत. ती विमानतळासारखी चोवीस तास उघडी नसतात, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी घ्यावी आणि रात्री हॉटेलच्या मोफत वाहनतळावर ठेवावी. सकाळी काउंटर उघडण्याची वाट पाहिली, तर केनेडी केंद्राचा अर्धा दिवस रस्त्यात जाईल. मिनीव्हॅन अशा छोट्या केंद्रांवर मोजक्याच असतात, त्यामुळे ती ठाण्याहून निघण्यापूर्वीच आरक्षित करावी, आणि मुलीचे बूस्टर आसन त्याच आरक्षणात नोंदवावे.

घोडबंदरकर

उत्तम. कॅरिबियन बीचमध्ये शेजारशेजारच्या दोन खोल्यांची चौकशी आज पाठवली आहे. परवान्यासाठी सारथीवर अर्जही भरला. वडिलांना रोपवेची चित्रफीत दाखवली. रांग सरकताना दिसली, तेव्हा ‘ही टीएमटीची नव्हे’ एवढे त्यांनी मान्य केले आहे.